धक्का तरंगेल हो, गाळाचं काय?

विमानतळ सुरू झालं आणि आमच्या वाशीच्या सागर विहारच्या सकाळच्या कंपूला नवा विषय मिळाला. अटल सेतू झाला, विमानतळ झालं, आता राहिलं काय तर मोठ्या प्रवासी जहाजांचा धक्का, तोही नवी मुंबईतच आणि तोही तरंगता. एकाने परदेशातल्या कुठल्यातरी धक्क्याचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला, निळंशार पाणी, मागे डोंगर, जहाजातून उतरलेली माणसं पंटूनवरून, म्हणजे तरंगत्या पोकळ तराफ्यावरून, आरामात चालत काठाला येतायत, आणि झालं, दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते भराव नाही, खांब नाही, गाळ उपसणं नाही, नुसता पंटून आणून सोडला की धक्का तयार, तेव्हा बेलापूरलाच टाका. दुसरी म्हणते पाण्यावर तरंगणारी वस्तू कधी टिकते का, पहिल्या पावसाळ्यात वाहत मांडव्याला जाईल, सगळे पैसे खायचे धंदे. कित्येक दिवस हे ऐकतोय आणि मला दोघांचंही पटत नाही. दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, फक्त ते भलत्याच ठिकाणी लावलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तरंगता धक्का ही जुनी, चांगली आणि टिकणारी गोष्ट आहे, पण ती एकच प्रश्न सोडवते, भरती-ओहोटीचा. पाण्याला खोली ती देत नाही, मोठी लाट बहुतेक वेळा अडवत नाही, आणि चढायला-उतरायला माणसं तर अजिबातच आणून देत नाही. म्हणून बेलापूर, नेरूळ, वाशी इथे मोठ्या जहाजाचा धक्का हा विषय बंदच करावा. झालाच तर तो अटल सेतूच्या दक्षिणेला, न्हावा-उरणच्या बाजूला खोल वाटेजवळ व्हावा, आणि फक्त क्रूझवाल्यांसाठी नाही तर उद्या कोकणची बोट सुरू झाली तर तिलाही लागता येईल असा व्हावा. आणि त्याच्याही आधी हेच तंत्र आपल्या खाडीतल्या छोट्या जेट्ट्यांना लावावं, कारण रोजची अडचण तिथे आहे.

आता भरती-ओहोटीचा प्रश्न नेमका काय ते बघू. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, म्हणजे जवळजवळ दीड मजला, आणि ते सहा-सव्वासहा तासांत. धक्का पक्का असेल तर जहाज वर जातं, खाली जातं, धक्का जागच्या जागी. सकाळी सपाट असलेली शिडी दुपारी घसरगुंडी होते, व्हीलचेअरवरच्या आजीबाईंना कसं उतरवणार, चार हजार माणसांच्या बॅगा कशा काढणार? इंग्रजांनी मुंबईत यावर उपाय केला तो दरवाज्यांचा. प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८, अलेक्झांड्रा डॉक १९१४, ज्याला आपण आज इंदिरा डॉक म्हणतो, भरतीला आत घ्यायचं आणि दरवाजा लावून पाणी कोंडून ठेवायचं. हुशारी मोठी पण खर्चही तसाच, आणि पहिल्या दोन गोद्या तर आता बुजवून टाकल्यात. तरंगता धक्का हाच प्रश्न उलट बाजूने सोडवतो. पाणी कोंडण्याऐवजी धक्क्यालाच पाण्याबरोबर वर-खाली होऊ द्यायचं, किनाऱ्याशी जोडणारा पूल तेवढा बिजागरीवर ठेवायचा. जहाज आणि धक्का एकत्र चढतात, एकत्र उतरतात, मधला फरक कायम तेवढाच. बस, एवढंच आहे ते, यात जादू काही नाही.

टिकत नाही म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे, आणि ते परदेशातलं पण नाही. कलकत्त्याचा आजचा हावडा पूल व्हायच्या आधी हुगळीवर जो पूल होता तो तरंगता होता, पंटूनवर उभा. १८७४ ला सुरू झाला आणि १९४३ पर्यंत चालला, जवळपास सत्तर वर्षं, त्यावरून बैलगाड्या, ट्रामचे प्रवासी, मोटारी सगळं गेलं, आणि जहाजं जायची असली की मधला भाग बाजूला सरकवायचे. हुगळीची भरती म्हणजे काही तळ्यातलं पाणी नाही, तिथे भरती भिंतीसारखी चालून येते. बांधकाम चालू असताना वादळात एक जहाज सुटून त्यावर आदळलंसुद्धा होतं, तरी तो पुन्हा उभा केला. दुसरं लिव्हरपूल. तिथे पाणी दहा मीटरपर्यंत वरखाली होतं, आपल्या दुप्पट, आणि १८४७ पासून तिथे तरंगते धक्के आहेत. १८७४ मध्ये मुख्य धक्का जळून खाक झाला, पुन्हा बांधला, पुढे तो जवळपास साडेसातशे मीटर लांब होता आणि अमेरिकेला जाणारी मोठमोठी जहाजं त्याला लागायची. म्हणजे ज्या काळात आपले पणजोबा बैलगाडीने पनवेलला जात होते त्या काळात हे तंत्र रोजच्या वापरात होतं. तेव्हा तरंगणारं टिकतं का हा प्रश्न विचारणं सोडा, तो केव्हाच सुटलाय.

पण थांबा, दुसऱ्या पार्टीची भीती मी उडवून लावत नाहीये. वादळ खरंच आहे. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याने दोन अख्खी बंदरं ओढत नेऊन उभी केली होती, तरंगते रस्ते, वर-खाली होणारे धक्के, सगळं. दोन आठवडे झाले नाहीत तोवर १९ जूनला वादळ आलं, तीन-चार दिवस झोडपलं आणि अमेरिकन सैन्याचं बंदर मोडून पडलं. ब्रिटिशांचं मात्र राहिलं, दुरुस्त करून वापरलं. आणि आपल्याला नॉर्मंडीला जायला कशाला पाहिजे, मे २०२१ चं तौक्ते आठवा. बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाचा बार्ज, माणसं राहायची त्यावर, नांगर सुटून भरकटला आणि बुडाला, किती घरं उजाड झाली. तरंगणारी वस्तू बुडते ती बहुतेकदा तरंगता येत नाही म्हणून नाही, बांधलेली सुटते म्हणून. त्यामुळे विचारायचं ते हे, की धक्का कशाला बांधलाय? नांगराच्या साखळ्यांना, की तळात रोवलेल्या खांबांना? आणि जहाजाचा जोर कोण घेणार, पंटून की बाजूचे वेगळे पक्के खांब? मोठं क्रूझ जहाज म्हणजे पंधरा-वीस मजली इमारत आडवी उभी केलेली, वारा लागला की शिडासारखं ओढतं. बऱ्याच ठिकाणी म्हणूनच जहाज बांधतात ते पक्क्या खांबांना आणि पंटून ठेवतात नुसता माणसं उतरायला. आता सांगा, मग 'खांब नको' कुठे राहिलं? खांब येणारच, फक्त भरावापेक्षा कमी येतील.

खरी गंमत पुढे आहे आणि इथेच पहिली पार्टी घसरते. जगात मोठ्या जहाजांसाठी जिथे जिथे तरंगते धक्के केले त्यातली बरीच ठिकाणं बघा, तिथे अडचण पाणी फार खोल असण्याची होती. मोनॅकोने २००२ मध्ये ३५२ मीटर लांबीची, एक लाख त्रेसष्ट हजार टनांची काँक्रीटची तरंगती भिंत स्पेनमधून ओढत आणली आणि एका प्रचंड गोल बिजागरीने किनाऱ्याला जोडली, क्रूझ जहाजं तिलाच लागतात, आणि ती लाटही अडवते, मघाशी मी 'बहुतेक वेळा' म्हणालो ते हिच्यामुळे. का केलं एवढं? कारण तिथे समुद्र किनाऱ्यालाच इतका खोल की तळापर्यंत दगड टाकत बसणं परवडणारं नव्हतं. अलास्कातल्या व्हाल्डीझचा १९८२ चा तरंगता माल धक्का, तीच गोष्ट. नॉर्वेतल्या गाइरांगरला २०१३ मध्ये केलेला, घडी घालून काठाला लावून ठेवता येणारा पंटूनचा रस्ता, तिथला फ्योर्ड म्हणजे डोंगर सरळ पाण्यात उतरलेला. आमच्या कंपूतला व्हिडिओ बहुतेक तिथलाच. आणि आपल्याकडे काय आहे? ठाण्याची खाडी. ओहोटीला वाशीच्या पुलावरून लोकल जाताना खिडकीतून बघा, पाण्यापेक्षा चिखल जास्त दिसतो. त्यांना तळ सापडत नव्हता म्हणून त्यांनी तरंगवलं, आपल्याला पाणी सापडत नाही आणि आपण तरंगवायला निघालोय!

मोठ्या क्रूझ जहाजाला पाण्याखाली आठ-नऊ मीटर लागतात, वर थोडं राखीव धरा, म्हणजे दहा मीटर पाणी पाहिजे, तेही अगदी खालच्या ओहोटीला. धक्का तरंगता असो, पक्का असो, सोन्याचा असो, जहाजाला दहा मीटर लागतात म्हणजे लागतात. ते नसेल तर खोदा, आणि आपल्या खाडीत खोदणं म्हणजे एकदा खोदून भागत नाही, दर वर्षी गाळ परत येतो. माझे एक मामेसासरे उरणकडचे, सगळं आयुष्य मासेमारीत गेलं, त्यांना मी हे बेलापूरचं सांगितलं तर हसायलाच लागले, म्हणाले, "जावईबापू, तिकरं पानी कुठं हाय, निसता गाल हाय." आणि मग त्यांनी विचारलं की भांगाच्या दिवसांत कसं करणार, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरतीच मुळात कमी चढते तेव्हा. आमच्या कंपूत इतके इंजिनीअर आहेत, एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता, मलापण नाही. आणि लिव्हरपूलचंच सांगतो, ज्याचं मी आत्ता एवढं कौतुक केलं, तिथला फेरीबोटींचा तरंगता धक्का २००६ मध्ये बुडाला, आणि कशाने, तर वादळाने नाही, एका जबरदस्त ओहोटीने. पाणी खूप उतरलं आणि धक्का गेला. तरंगणाऱ्या वस्तूला सगळ्यात मोठा धोका कधीकधी पाणी नसण्याचा असतो.

कंपूतले एक गृहस्थ, इतिहासाची आवड असलेले, म्हणाले की शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात इथेच, कल्याण-भिवंडीच्या खाडीत केली, ठाणं हे हजार वर्षांचं बंदर, मग आज का नाही? ऐकायला छान वाटतं, अंगावर काटा येतो. पण महाराजांची गलबतं आणि गुराबा उथळ पाण्यात चालाव्यात अशाच बांधलेल्या होत्या, तीच तर त्यांची ताकद होती, मोठी फिरंगी जहाजं जिथे येऊ शकत नव्हती तिथे या होड्या घुसायच्या. म्हणजे खाडी उथळ होती हे महाराजांनी ओळखलं आणि त्याप्रमाणे जहाज निवडलं. आपण उलटं करतोय, जहाज आधी निवडतोय आणि मग खाडीला म्हणतोय तू खोल हो. ठाणं बंदर म्हणून मागे पडलं ते काय कोणाच्या आळसामुळे? जहाजं मोठी होत गेली, गाळ साचत गेला, आणि मग एकामागून एक पूल आले, १८५४ ला रेल्वेचा, १९७३ ला वाशीचा, प्रत्येक पुलाने बोटींची उंची ठरवून टाकली.

पुलावरून आठवलं. बेलापूर, नेरूळ म्हणणाऱ्यांनी एकदा मान वर करून बघावं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत २१.८ किलोमीटर, खाडीच्या तोंडावर आडवा. आजची मोठी क्रूझ जहाजं पाण्यावर साठ-सत्तर मीटर उंच असतात. ती त्या पुलाखालून कशी जाणार, वाकून? एवढी साधी गोष्ट, गाळ उपसायला पैसा आहे, पर्यावरणाची परवानगी मिळाली, सगळं झालं असं धरलं तरी जहाज पुलापाशी येऊन थांबणार. बेलापूरची चर्चा इथेच संपते, तरी ती रोज सकाळी सव्वासहाला परत सुरू होते हा भाग वेगळा.

म्हणून मी न्हावा-उरण म्हणतो. पुलाच्या दक्षिणेला, घारापुरीच्या पलीकडे जेएनपीएची, म्हणजे न्हावाशेवा बंदराची (आधीचं जेएनपीटी), जहाजांची वाट आधीच खोदलेली आहे, पाण्याखाली १५ मीटर बुडणाऱ्या कंटेनर जहाजांसाठी, आणि ती तशी ठेवायला गाळ दर वर्षी काढतातच. बंदर नैसर्गिक आडोशाचं, पश्चिमेची लाट मुंबईचं भूशिर अंगावर घेतं. अर्थात आडोसा म्हणजे हमी नाही, १७ जुलै १९४७ ला गटारी अमावास्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बंदराच्या तोंडाशीच उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, आमच्या आजीच्या पिढीला जुलै म्हटला की समुद्र नको वाटायचा तो उगाच नाही. इथे विरोधकांचा मुद्दा चांगला आहे की ती वाट मोकळी नाही, २०२४-२५ मध्ये जेएनपीएने वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हलवले, त्या रांगेत प्रवासी जहाज घुसवायचं म्हणजे मालाचं जहाज थांबणार आणि त्याचा खर्च शेवटी कोणाच्या तरी डोक्यावर. बरोबर आहे. पण प्रवासी जहाज वेळापत्रकाने येतं, वर्षभर आधी तारखा ठरलेल्या असतात, त्यामुळे वाट वाटून घेणं अवघड असलं तरी अशक्य नाही. गाळ आणि पूल यांच्याशी वाटाघाटी करता येत नाहीत, वेळापत्रकाशी येतात.

पर्यावरणाबद्दल दोन्हीकडून जे बोललं जातं ते ऐकवत नाही. एक बाजू म्हणते तरंगता म्हणजे शून्य नुकसान. दुसरी म्हणते फ्लेमिंगो मरतील, विषय संपला. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, तिथे वर मोठ्या जहाजाचा प्रश्नच येत नाही हे मी आत्ताच दोन कारणांनी सांगितलं, हे तिसरं. पण न्हावा-उरणला फ्लेमिंगोचं नाव घेऊन काम थांबवायचं आणि त्याच पाणथळी शेजारी भराव पडताना गप्प बसायचं, हे बरोबर आहे का? तरंगत्या धक्क्याचा भरावापेक्षा फायदा खरा आहे. पाणी खालून वाहतं, प्रवाह फारसा अडत नाही, नको झाला तर काढून नेता येतो. जमैकातल्या पोर्ट रॉयलला जानेवारी २०२० मध्ये असा धक्का सुरू झाला, तिथे १६९२ च्या भूकंपात बुडालेलं जुनं शहर समुद्राच्या तळाशी आहे, खांब ठोकून ते फोडायचं नव्हतं म्हणून हा मार्ग. आपल्या समोर घारापुरी आहे, विचार करायला हरकत नाही. पण धक्का तरंगता म्हणून जहाज काही स्वच्छ होत नाही. धक्क्याला लागलेलं जहाज दिवसभर जनरेटर चालवतं, धूर काठावरच्या गावात, तेव्हा किनाऱ्यावरून वीज देणार का हे आधी विचारा.

आणि आता ज्यांचं पाणी आहे त्यांचं. उरणच्या कोळीवाड्यांना विकास नवीन नाही. जेएनपीटी आलं तेव्हा शेवा कोळीवाडा उठवला, त्या लोकांना जिथे बसवलं त्या हनुमान कोळीवाड्यात घरांना वाळवी लागली आणि पुनर्वसनासाठी चकरा मारता मारता दुसरी पिढी म्हातारी झाली. २०१५ मध्ये हरित लवादाने उरणच्या १६३० मच्छीमार कुटुंबांना पंचाण्णव कोटींच्या वर भरपाई द्यायला सांगितली, म्हणजे नुकसान झालं हे कागदावर मान्य झालेलं आहे, कोणी भावनेच्या भरात बोलत नाहीये. आणि जमिनीचं म्हणाल तर १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात उरणच्या भागात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची वाट मोकळी झाली. तेव्हा 'तरंगता आहे, जमीन लागत नाही, मग यांचं काय जातंय' असं वाशीच्या बाकावर बसून म्हणणं सोपं आहे. जमीन लागत नाही पण जहाज वळायला जे पाणी लागतं ते डोल, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवायची जाळी, लावायचं पाणी आहे. या विरोधाला माझ्याकडे उत्तर नाही, अट आहे, की किती पाणी बंद होणार ते नकाशावर आखून आधी द्या आणि भरपाई काम सुरू व्हायच्या आधी द्या, तीस वर्षांनी नाही.

सगळ्यात भारी आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो आमच्या कंपूत कोणीच घेतला नाही. मुंबईत बॅलार्ड पियरला ५५६ कोटींचं क्रूझ टर्मिनल झालंय, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, एका वेळी पाच जहाजं लागतील एवढं. बंदराच्या त्या काठाला एवढं केल्यावर या काठाला दुसरं कशाला? प्रामाणिकपणे सांगतो, आज तरी याला जोरदार उत्तर नाही. ते टर्मिनल भरून वाहायला लागलं तर गोष्ट वेगळी. पण एक फरक लक्षात घ्या. जहाज एखाद्या गावाला दिवसभर थांबून जातं आणि जहाज तिथूनच निघतं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर थांबणारा प्रवासी एक चहा पितो, फोटो काढतो, परत जातो. जिथून सफर निघते तिथे माणसं आदल्या दिवशी विमानाने येतात, हॉटेलात राहतात, जहाजात भाजी-मासळी-पाणी भरलं जातं, टॅक्सीवाल्यापासून धोब्यापर्यंत काम मिळतं. लिव्हरपूलला २००७ मध्ये नवा तरंगता क्रूझ धक्का झाला, पण सरकारी अनुदानातून, तेव्हा साउदॅम्प्टनसारख्या बंदरांनी बोंब मारली की आम्ही आमच्या पैशाने केलं, यांना फुकट कशाला, आणि लिव्हरपूलवर बंधन होतं की इथून सफर निघणार नाही, जहाजं फक्त येऊन जातील. २०१२ मध्ये अनुदानातला काही भाग परत करून त्यांनी ती परवानगी मिळवली. पाच वर्षं झकास धक्का होता पण कमाईचा मोठा भाग दुसरीकडे जात होता. आपल्याकडे विमानतळ इतकं जवळ, १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल, म्हणजे सफर निघायला ही बाजू खरंच सोयीची, पुण्याच्या माणसाला तर फारच. तेव्हा करायचंच असेल तर निघायचं बंदर करा. नुसता थांबा करायचा तर बॅलार्ड पियर पुरेसं आहे, तिथून गेटवे चालत जाता येतं, न्हाव्याला उतरून तो पाहुणा काय बघणार, ट्रेलरची रांग?

श्रीमंतांची चैन, हा आणखी एक ठरलेला वार. मला तो अर्धाच पटतो. मराठी माणसाला मोठं प्रवासी जहाज म्हणजे कॅसिनो आणि स्विमिंग पूल हे आत्ता आत्ता, त्याआधी मोठं जहाज म्हणजे कोकणची बोट. भाऊच्या धक्क्यावरून रात्र काढत रत्नागिरी, मालवण, पणजी, डेकवर घोंगड्या टाकून, अर्ध्या लोकांना बोट लागलेली. आणि कोकणातल्या बहुतेक बंदरांत बोट काठाला लागायचीच नाही, लांब उभी राहायची, पडाव यायचे, त्या हलत्या पडावात पोरं, ट्रंका, फणस, कोंबड्या आणि लुगडं सावरत बायका उतरायच्या. माझी आई ते अजून सांगते आणि सांगताना अजून घाबरते. बोट आणि काठ यांच्यातलं ते पाच-सहाशे फुटांचं अंतर, ते कोणी कधी सोडवलंच नाही, रस्ता झाला, बोट बंद पडली, आणि मग रेल्वे झाली. तरंगता धक्का नेमकं तेच अंतर सोडवतो. म्हणून माझं म्हणणं, पंटून लहान तुकड्यांचा करा, त्यात गाड्या चढवायची सोय ठेवा, म्हणजे क्रूझ नसेल तेव्हा रो-रो लागेल, उद्या कोकणची बोट लागेल. मांडव्याची रो-रो मार्च २०२० पासून चालतेय, माणसांना समुद्राने जायला आवडतं हे सिद्ध झालंय. पावसाळ्यात क्रूझ जवळपास बंदच असतात, तेव्हा चार महिने नुसता शेवाळ धरणारा धक्का कोणाला परवडणार?

आणि समजा उलट झालं, जहाजं खूपच यायला लागली तर? अलास्कातल्या जुनोला २०१६-१७ मध्ये तरंगते धक्के झाले, बत्तीस हजारांचं गाव आणि आता मोसमात सोळा लाखांच्या वर क्रूझ प्रवासी, शेवटी दिवसाला पाचच मोठी जहाजं आणि मग दिवसाला माणसं किती याचा आकडा ठरवायची वेळ आली. व्हेनिसमध्ये २०२१ ला मोठी जहाजं शहरालगतच्या ज्युडेका कालव्यातून बाहेर काढली. आपल्याला ही वेळ यायला अजून लांब आहे, पण आकडा पहिल्याच करारात टाकून ठेवायला काय जातं.

राहता राहिल्या छोट्या जेट्ट्या, माझ्या दृष्टीने हाच मुख्य विषय. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन खाडीकाठच्या एका जेट्टीवर गेलो होतो, तिला बोटीत बसायची हौस, त्या पडावाच्या गोष्टींमुळेच बहुतेक. तिकीट काढलं, बोट आली, पण ओहोटी. बोट आठ फूट खाली, शेवाळलेल्या पायऱ्या, कठडा अर्ध्यातच तुटलेला. खलाशी म्हणाला, आजींना उचलून घेतो. आई नाही म्हणाली, आम्ही बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले आणि घरी आलो. त्या जेट्टीला शंभर फुटांचा पंटून आणि एक बिजागरीचा पूल असता तर? छोट्या बोटीला मीटर-दीड मीटर पाणी पुरतं, पुलाखालून ती जाते, वेळा भरतीप्रमाणे थोड्या मागेपुढे कराव्या लागतील पण माणूस चढेल-उतरेल तरी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे हॉवरक्राफ्ट आली आणि गेली, फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सीचं उद्घाटन झालं, दर वेळी बोट केवढी वेगवान याच्या बातम्या येतात आणि काठावरून बोटीत पाय कसा टाकायचा याच्या येत नाहीत. कोलशेतला, वाशीला, बेलापूरला हे पंटून आधी टाका. खाडीचा गाळ, प्रवाह, उधाण यात ते पाच पावसाळे कसे टिकतात, साखळ्या किती झिजतात, खाली गाळ किती साचतो हे मोजा. मोठ्या धक्क्याचा खरा अभ्यास तोच होईल, आणि तोवर निदान ठाणेकर-वाशीकर बोटीत तरी बसतील.

मोठ्याचं काम पुढे न्यायचंच असेल तर खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, आहे, १९१६ पासूनची संस्था, बंदरांची मॉडेलं करण्यात त्यांचा हात कोण धरणार, त्यांच्याकडून न्हावा-उरणच्या बाजूचा वर्षभराचा, पावसाळा धरून, अभ्यास करून घ्या आणि तो मराठीत छापा. आणि जनसुनावणी मुंबईतल्या एसी हॉलमध्ये नको, उरणला घ्या, काठावर मांडव घालून, अमावास्येच्या आसपास, भर ओहोटीच्या वेळेला. आमचा अख्खा कंपू येईल, मामेसासऱ्यांनाही घेऊन येतो.